महाराष्ट्रातील शासकीय आरोग्य कर्मचाऱ्यांची कार्यपरिस्थिती व मनोबल

महाराष्ट्रातील शासकीय आरोग्य कर्मचाऱ्यांची कार्यपरिस्थिती व मनोबल हा राज्याच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील दीर्घकाळ प्रलंबित असलेला प्रश्न आहे. राज्य शासन, जिल्हा परिषदा आणि महानगरपालिका यांच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत काम करणारे निवासी डॉक्टर, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, तंत्रज्ञ, आरोग्यसेवक, आशा स्वयंसेविका, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांचे कामाचे तास, मोबदला, सेवेची शाश्वती, निवासाची सोय आणि शारीरिक सुरक्षितता हे या प्रश्नाचे मुख्य घटक आहेत. रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका, औषधांचा तुटवडा आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणारे हल्ले या कारणांनी कर्मचाऱ्यांचे मनोबल खचते. त्याचा परिणाम अखेर रुग्णसेवेवर होतो. एकविसाव्या शतकात राज्यात झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बहुतेक संपांचे मूळ या कारणांत आढळते.

संकल्पना

मनोबल म्हणजे आपल्या कामाचा उपयोग होतो आहे, ते करण्याची साधने आपल्याला मिळतात आणि अडचणीत संस्था आपल्या पाठीशी उभी राहील, हा कर्मचाऱ्याचा विश्वास होय. हा विश्वास दीर्घकाळ ढासळत गेल्यास जी अवस्था निर्माण होते, तिला इंग्रजीतून आलेला ‘बर्नआउट’ हा शब्द रूढ आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद केली. संघटनेने तिला आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले असून तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपण काम नीट करू शकत नाही अशी जाणीव.

याहून वेगळी संकल्पना ‘नैतिक आघात’ ही आहे. रुग्णासाठी काय करायला हवे हे ठाऊक असूनही खाट, औषध, रक्त किंवा मनुष्यबळ नसल्यामुळे ते करता न येणे आणि त्याचे परिणाम डोळ्यांदेखत पाहावे लागणे, असा तिचा अर्थ आहे. थकव्यावर विश्रांतीने काही प्रमाणात उतारा पडतो. नैतिक आघाताचे कारण मात्र व्यवस्थेत असल्याने तो रजेने भरून येत नाही.

प्रशासकीय रचना

राज्यातील शासकीय आरोग्यसेवा एका छत्राखाली नाही. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची संलग्न रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदांमार्फत चालतात. मुंबईतील केईएम, लोकमान्य टिळक (शीव), नायर आणि कूपर ही मोठी रुग्णालये बृहन्मुंबई महानगरपालिकेची आहेत. त्यामुळे एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोन परिचारिकांचे नियुक्ती अधिकारी, बढतीचे नियम व भत्ते वेगळे असू शकतात.

लोकसंख्येच्या निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येमागे एक ग्रामीण रुग्णालय अपेक्षित असते. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हे आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत. राज्यात १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १०,००० हून अधिक उपकेंद्रे आहेत.

पार्श्वभूमी

भारतातील सार्वजनिक आरोग्यसेवेचा आराखडा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे या समितीचे मूलभूत तत्त्व होते. ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात डॉक्टर, परिचारिका व सुईणी यांचे पुरेसे पथक अशी तिची तातडीच्या टप्प्यातील कल्पना होती. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इमारती वाढत गेल्या, पण पदे मंजूर करण्याचा आणि ती भरण्याचा वेग त्या प्रमाणात राहिला नाही.

१२ एप्रिल २००५ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. अभियानामुळे ग्रामीण आरोग्यासाठी निधी आला आणि आशा स्वयंसेविकांची योजना आली. मात्र अभियानातील बहुसंख्य नेमणुका कंत्राटी होत्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. परिणामी २००५ नंतर एकाच कक्षात शेजारी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये सेवाशर्तींचे तीन थर निर्माण झाले : जुन्या निवृत्तिवेतनाचे कायम कर्मचारी, नव्या निवृत्तिवेतनाचे कायम कर्मचारी आणि कंत्राटी कर्मचारी.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आरोग्यसेवेच्या खर्चात मनुष्यबळाच्या वेतनाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे निधी अपुरा असला की त्याची पहिली झळ पदभरतीला बसते.

रिक्त पदे

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) महाराष्ट्रातील आरोग्य सुविधा व त्यांचे व्यवस्थापन यांविषयी केलेला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडण्यात आला. त्यानुसार मंजूर पदांच्या तुलनेत सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची २९ टक्के पदे रिक्त होती. वैद्यकीय शिक्षण विभागात हेच प्रमाण अनुक्रमे ३७, ३५ आणि ४४ टक्के होते.

हे आकडे वाचताना एक बाब लक्षात घ्यावी लागते. ‘मंजूर पदे’ ही अनेक ठिकाणी जुन्या लोकसंख्येवर व जुन्या खाटसंख्येवर आधारलेली असतात. रुग्णालयात मंजूर खाटांपेक्षा अधिक रुग्ण दाखल असणे आणि काही रुग्णांची सोय जमिनीवर गादी टाकून करावी लागणे, हे मोठ्या शासकीय रुग्णालयांतील नेहमीचे चित्र आहे. त्यामुळे सर्व मंजूर पदे भरली, तरी प्रत्यक्ष कामाच्या मानाने मनुष्यबळ कमीच पडते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. गरीब रुग्णांसाठी हा निर्णय महत्त्वाचा होता. त्याबरोबर वाढणाऱ्या रुग्णसंख्येसाठी मनुष्यबळ व औषधेही त्या प्रमाणात वाढवावीत, अशी कर्मचारी संघटनांची अपेक्षा होती.

मोबदल्याचे प्रकार

आरोग्य कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या पैशाला शासकीय कागदपत्रांत कोणते नाव आहे, यावरून त्याचे व्यवस्थेतील स्थान ठरते.

वेतन : हे केवळ नियमित पदांवरील कर्मचाऱ्यांना मिळते. त्यास महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ, रजा व निवृत्तिवेतनाचे लाभ जोडलेले असतात.

विद्यावेतन : हे निवासी डॉक्टर व आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांना मिळते. रुग्णालयाचे बहुतेक काम त्यांच्याकडून होत असले, तरी कागदोपत्री ते विद्यार्थी असतात.

एकत्रित मानधन : हे राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना मिळते. कराराचे नूतनीकरण ठरावीक कालावधीने करावे लागते.

कामावर आधारित मोबदला : हा आशा स्वयंसेविकांना मिळतो. त्यांची गणना कर्मचाऱ्यांत होत नाही.

विविध संवर्गांची परिस्थिती

निवासी डॉक्टर

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रात्रीची व अपघात विभागातील सेवा मुख्यत्वे पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर देतात. केंद्र शासनाच्या ५ जून १९९२ च्या निर्देशांनुसार निवासी डॉक्टरांचे काम सलग १२ तासांपेक्षा आणि सामान्यतः आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे. प्रत्यक्षात २४ ते ३६ तासांची सलग पाळी अनेक विभागांत रूढ आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि दररोज ७ ते ८ तास झोप यांची शिफारस केली. १९९२ मधील ४८ तासांच्या निकषानंतर बत्तीस वर्षांनी ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्ष स्थितीची कल्पना येते.

वसतिगृहांची दुरवस्था ही दुसरी मोठी तक्रार आहे. एका खोलीत मंजुरीपेक्षा अधिक डॉक्टर राहणे, गळकी छपरे, अपुरी स्वच्छतागृहे आणि महिला डॉक्टरांसाठी कक्षाजवळ स्वतंत्र विश्रांतिगृह नसणे, हे मुद्दे महाराष्ट्र असोसिएशन ऑफ रेसिडेंट डॉक्टर्स (मार्ड) या संघटनेच्या मागण्यांत वारंवार दिसतात. जानेवारी २०२३ च्या संपात वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करणे व वसतिगृहांची दुरुस्ती या प्रमुख मागण्या होत्या. फेब्रुवारी २०२४ च्या आंदोलनातही विद्यावेतनवाढीबरोबर वसतिगृहांचा प्रश्न कायम होता.

वरिष्ठांकडून होणारा छळ व जातीय भेदभाव हाही कार्यपरिस्थितीचा भाग आहे. मे २०१९ मध्ये मुंबईतील एका महाविद्यालयात आदिवासी समाजातील एका निवासी डॉक्टर महिलेने आत्महत्या केली. तिच्या कुटुंबीयांनी जातीवरून छळ झाल्याचा आरोप केल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांतील तक्रार निवारण यंत्रणेच्या परिणामकारकतेवर राज्यभर चर्चा झाली.

परिचारिका

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण कक्षात अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि अन्य रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी राखीव म्हणून ३० टक्के अधिक मनुष्यबळ असावे. शासकीय रुग्णालयांत रात्रपाळीला ४० ते ६० रुग्णांच्या कक्षात एक किंवा दोन परिचारिका असणे नवलाचे नाही. सलाईन व इंजेक्शने देणे, रक्तदाब व तापमान नोंदवणे, औषधसाठा सांभाळणे, ऑनलाइन नोंदी भरणे आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे एकाच वेळी त्यांच्यावर येतात. रजा राखीव पदे नसल्यास एका परिचारिकेची रजा म्हणजे दुसरीची दुहेरी पाळी ठरते.

मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने पदे बाह्यस्रोतांद्वारे म्हणजे खासगी संस्थांमार्फत भरण्याच्या हालचालींविरुद्ध राज्यव्यापी काम बंद आंदोलन केले. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपातही परिचारिका मोठ्या संख्येने उतरल्या. या संपाच्या काळातच महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याचे (मेस्मा) विधेयक विधिमंडळात संमत झाले.

ग्रामीण व आदिवासी भागातील वैद्यकीय अधिकारी

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती, शवविच्छेदन, लसीकरण, साथनियंत्रण, शिबिरे, बैठका व अहवाल ही सर्व कामे असतात. दोन पदांपैकी एक रिक्त असेल, तर दुसऱ्याला चोवीस तास मुख्यालयी राहावे लागते. मेळघाट, गडचिरोली व नंदुरबार यांसारख्या भागांत सेवानिवासांची दुरवस्था, मुलांच्या शिक्षणाची गैरसोय आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे अधिकारी टिकत नाहीत. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या डॉक्टरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा बंधनकारक आहे. तिच्यामुळे पदे काही काळ भरतात, परंतु रुग्णांची व गावाची ओळख होते न होते तोच डॉक्टर बदलतो.

आशा स्वयंसेविका

गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीच्या संकल्पनेस महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातील स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. या सेवेचा पुढे देशभरातील आशांच्या कामात समावेश झाला.

सुमारे १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे ७०,००० आहे. गर्भवतींची नोंदणी, लसीकरणासाठी बालकांना आणणे, क्षय व कुष्ठरुग्णांचा शोध आणि निरनिराळी सर्वेक्षणे ही त्यांची कामे आहेत. योजनेत त्या ‘स्वयंसेविका’ असल्याने किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी व प्रसूती रजा हे कामगारांचे हक्क त्यांना आपोआप लागू होत नाहीत. २०१३ मध्ये झालेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील कार्यकर्त्यांना कामगार मानावे, अशी शिफारस केली होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. दिलेल्या आश्वासनाचा शासन निर्णय न निघाल्याने जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा संप केला आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या दिला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. कर्मचारी म्हणून मान्यतेची त्यांची मूळ मागणी मात्र कायम राहिली.

वर्ग चारचे कर्मचारी व सफाई कामगार

कक्षसेवक, आया व सफाई कामगार यांची नियमित भरती अनेक ठिकाणी थांबून त्यांची जागा ठेकेदारांच्या कामगारांनी घेतली आहे. वेतन उशिरा मिळणे, हातमोजे व बूट पुरेसे न मिळणे आणि सुई टोचून होणारा संसर्ग या त्यांच्या अडचणी आहेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वात यांच्या लसी देणे आणि वर्षातून एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे बंधनकारक आहे. मुंबईतील शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच क्षयाची लागण होऊन मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. स्ट्रेचर ढकलणारा कक्षसेवक नसेल, तर ते काम परिचारिका, निवासी डॉक्टर किंवा खुद्द नातेवाइकांना करावे लागते. त्यामुळे या सर्वांत खालच्या पदाची रिक्तता संपूर्ण कक्षाला जाणवते.

हिंसाचार व सुरक्षितता

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातीलच एका कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणास खिळून होत्या. परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ रोजी दयामरणाविषयीच्या ऐतिहासिक निकालात सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे निकटचे हितचिंतक मानले. हे प्रकरण दयामरणाच्या संदर्भात अधिक ओळखले जाते. मूलतः ते कामाच्या ठिकाणी स्त्री कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेचे प्रकरण होते.

नातेवाइकांच्या हल्ल्यांपासून संरक्षणासाठी राज्याने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांवरील हिंसक कृत्यांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. त्यानुसार असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्यानंतरही हल्ले थांबले नाहीत. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे एका निवासी डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यात त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करून डॉक्टरांना कामावर परतण्यास आणि शासनास सुरक्षारक्षक नेमण्यास सांगितले. रुग्णामागे मर्यादित नातेवाइकांना प्रवेशपत्र देण्याची पद्धतही त्यानंतर कडक करण्यात आली.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावरील डॉक्टर महिलेवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरही देशव्यापी आंदोलनात सहभागी झाले. २० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले. त्यात मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या तत्कालीन अधिष्ठातांचा समावेश होता. न्यायालयाच्या आदेशात अरुणा शानबाग प्रकरणाचाही उल्लेख होता. दोन्ही घटनांमध्ये अर्धशतकाचे अंतर असूनही विश्रांतीसाठी सुरक्षित खोली, उजेड असलेले मार्ग आणि रात्रीचा पहारा या मागण्या तशाच होत्या.

दुर्घटना व उत्तरदायित्व

मोठ्या दुर्घटनांनंतर कारवाई कोणावर होते, याचा मनोबलावर खोल परिणाम होतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला आणि ७ बालकांना वाचवण्यात आले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षातील आगीत ११ रुग्ण दगावले. या प्रकरणी एक वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांना अटक झाली. अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणे प्रशासनाचे काम असताना कक्षातील कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला जातो, अशी भूमिका घेऊन परिचारिकांच्या संघटनांनी आंदोलन केले.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात बालके होती. दगावलेल्यांत दूरच्या गावांतून व अन्य रुग्णालयांतून अखेरच्या टप्प्यात आलेले रुग्ण अनेक होते, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व औषधखरेदी यांबाबत शासनाकडे विचारणा केली. याच दरम्यान एका खासदाराने रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठातांना शौचालय स्वच्छ करायला लावल्याची चित्रफीत प्रसारित झाली. त्या खासदारावर गुन्हा नोंदवण्यात आला. एका मृत मातेच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठातांवरही गुन्हा दाखल झाला. वैद्यकीय संघटनांनी शौचालयाच्या घटनेचा निषेध केला. दुसरीकडे मृतांच्या कुटुंबीयांचा अस्वच्छता, उशीर व औषधटंचाई यांविषयीचा संतापही तितकाच खरा होता.

कोविड-१९ महामारी

२०२० व २०२१ मध्ये शासकीय रुग्णालयांवर अभूतपूर्व ताण आला. एप्रिल २०२० मध्ये मुंबईचे नायर रुग्णालय पूर्णतः कोविडसाठी राखीव झाले. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशांनी घरोघरी जाऊन तपासणी केली. जून २०२१ मध्ये या कामाच्या योग्य मोबदल्यासाठी आशांना संप करावा लागला. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा व प्रवेशप्रक्रिया लांबल्याने निवासी डॉक्टरांची नवी तुकडी वेळेवर आली नाही. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांना करावे लागले. वाढत्या हल्ल्यांमुळे केंद्र शासनाने २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. त्यात गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. हे संरक्षण साथीच्या काळापुरते मर्यादित आहे.

कार्यकारणाची साखळी व रुग्णसेवेवरील परिणाम

वरील घटक स्वतंत्र नसून एकमेकांना पोसणारे आहेत. पद रिक्त राहिले की उरलेल्यांवर भार पडतो. भार वाढला की तपासणीस उशीर होतो आणि नातेवाइकांशी बोलायला वेळ उरत नाही. न बोलल्याने संशय वाढतो. औषध नसल्यास ते बाहेरून आणण्याची चिठ्ठी लिहावी लागते. औषधखरेदीचा निर्णय मंत्रालयाच्या पातळीवर होतो, पण चिठ्ठी निवासी डॉक्टर किंवा परिचारिकेच्या हातून जाते. त्यामुळे रागही त्यांच्यावरच निघतो. अपमान किंवा हल्ल्यानंतर कर्मचारी बदली मागतो, दीर्घ रजेवर जातो किंवा खासगी क्षेत्राकडे वळतो. पद पुन्हा रिक्त होते.

या साखळीत प्रथम संवाद व सौजन्य, नंतर नोंदींची अचूकता, आणि अखेरीस रुग्णाची सुरक्षितता बाधित होते. शासकीय रुग्णालयांवर अवलंबून असलेल्या गरीब, ग्रामीण व आदिवासी रुग्णांना दुसरा पर्याय नसतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या खचलेल्या मनोबलाची किंमत अखेर तेच मोजतात. संपाच्या काळात बाह्यरुग्ण विभाग व नियोजित शस्त्रक्रिया बंद राहतात. त्याचाही फटका याच वर्गाला बसतो.

टीका व वेगळे दृष्टिकोन

कर्मचाऱ्यांच्या सर्व अडचणी मान्य करूनही रुग्णहक्क कार्यकर्ते काही आक्षेप नोंदवतात. मुख्यालयी न राहणे, व्यवसायरोध भत्ता घेऊनही खासगी व्यवसाय करणे आणि प्रसूतिकक्षात स्त्रियांना अवमानकारक वागणूक मिळणे, हे आक्षेप त्यांत प्रमुख आहेत. राज्यात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत लोकाधारित देखरेख प्रक्रिया राबवण्यात आली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचे राज्यस्तरीय समन्वयन केले. तिच्या जनसुनवायांत रुग्णांच्या तक्रारींबरोबर रिक्त पदे व औषधटंचाई हेही पुढे आले. रुग्ण आणि कर्मचारी यांच्या तक्रारींचे मूळ अनेकदा एकच असते, हे या प्रक्रियेतून दिसून आले.

शासनाच्या बाजूने निधीची मर्यादा, जाहिरात देऊनही विशेषज्ञ न मिळणे आणि भरतीवरील न्यायालयीन वाद ही कारणे सांगितली जातात.

उपाययोजना

औषधखरेदीतील विलंब टाळण्यासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचाऱ्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याविषयी शासन निर्णय निघाला. त्याच्या संथ अंमलबजावणीविरुद्ध ऑगस्ट २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांनी पुन्हा संप केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांतून भविष्यात डॉक्टर मिळतील. मात्र जुन्या महाविद्यालयांतील अध्यापकांची पदे रिक्त असताना नव्यांना अध्यापक कोठून मिळणार, असा प्रश्न अध्यापकांच्या संघटनांनी उपस्थित केला आहे.

संघटना व अभ्यासकांनी सुचवलेल्या उपायांत पुढील बाबी समान आहेत : खाटांच्या प्रत्यक्ष वापरानुसार पदांची फेरमांडणी, रजा राखीव पदे, पाळीच्या तासांवर बंधनकारक मर्यादा, नातेवाइकांशी बोलण्यासाठी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची पुरेशी पदे, रात्रपाळीसाठी सुरक्षित विश्रांतिगृहे, आणि दुर्घटनेच्या चौकशीत खालच्या कर्मचाऱ्याबरोबर निर्णय घेणाऱ्या पातळीचेही उत्तरदायित्व निश्चित करणे.

हेही पाहा

आशा स्वयंसेविका
भोर समिती
राष्ट्रीय आरोग्य अभियान
अरुणा शानबाग
केईएम रुग्णालय, मुंबई
महाराष्ट्र असोसिएशन ऑफ रेसिडेंट डॉक्टर्स